दोन आडनावांची एक संशोधक

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ३९ वर्षांच्या आहेत. सोलापुरातल्या एका महाविद्यालयात जीवतंत्रज्ञान शिकवतात. पीएच.डी. मुंबईत केली, विषय तोंडाच्या कर्करोगाचं रेणवीय जीवशास्त्र. लग्नानंतर सोलापुरात आल्या आणि गेली अकरा वर्षं शिकवणं सांभाळून मिश्री लावणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायकांच्या लाळेच्या नमुन्यांवर काम करत आहेत. पदोन्नतीच्या मुलाखतीत एका सदस्यांनी लॅपटॉपवर त्यांचं पान उघडून विचारलं, "एवढ्या वर्षांत एच-इंडेक्स फक्त चार?" त्यांच्याबरोबर पीएच.डी. केलेली मैत्रीण अमेरिकेत एका मोठ्या संस्थेत आहे, तिचा एकतीस. आता त्यांच्यापुढे तीन वाटा आहेत. एकमेकांचे पेपर ठरवून 'साइट' करणाऱ्या, म्हणजे आपल्या पेपरात त्यांचे संदर्भ देणाऱ्या, प्राध्यापकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये जायचं, हैदराबादच्या एका प्रयोगशाळेतली तीन वर्षांची प्रकल्पातली जागा घ्यायची, किंवा संशोधन सोडून फक्त शिकवायचं. यजमानांचा टॉवेलचा कारखाना इथे, मुलगी सातवीत. त्या विचारतात, "माझ्या कामाला काही किंमत होती का? आणि आता मी काय करू?" सोबत पंधरा शोधनिबंधांची यादी पाठवली आहे. नाव अर्थातच छापत नाही.

नमस्कार.

तुमचं पत्र आधी एका दमात वाचलं, मग ती यादी समोर ठेवून पुन्हा सावकाश वाचलं. यादीत एक गोष्ट दिसली, म्हणून सुरुवात तिथूनच करते. पहिल्या सहा पेपरांवर तुमचं माहेरचं आडनाव आहे आणि नंतरच्या नऊ पेपरांवर सासरचं. मुलाखतीत जे पान उघडलं गेलं, ते फक्त सासरच्या आडनावाचं होतं.

तुम्हीच लिहिलेले सायटेशनचे आकडे मी वहीत मांडले. माहेरच्या नावावर ६२, ३१, १८, ९, ७, ५. सासरच्या नावावर ११, ८, ६, ५, ३, २, १, ०, ०. एच-इंडेक्स म्हणजे काय, हे बाकीच्या वाचकांसाठी सांगते. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ साली हे माप सुचवलं. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे. निदान चार पेपरांना प्रत्येकी निदान चार सायटेशन असतील, पण पाच पेपरांना पाच-पाच नसतील, तर आकडा चार. सासरच्या नावाचे पेपर असे लावले तर खरोखरच चार येतात. माहेरचे लावले तर पाच. पण दोन्ही एकत्र लावले की होतात सात. तुमच्या एकूण १६८ सायटेशनपैकी १३२ त्या न उघडलेल्या पानावर आहेत.

म्हणजे ज्या आकड्याने तुमची आठवडाभर झोप उडवली, त्यात तुमची पीएच.डी. धरलेलीच नव्हती. मला याचं फार वाईट वाटलं. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, कधी कधी पहिलंही बदलतं. संगणकाला ती दोन वेगळी माणसं वाटतात. ही अडचण तुमच्या एकटीची नाही, म्हणून उपाय आजच करा. ऑर्किड नावाचा सोळा अंकी ओळखक्रमांक फुकट मिळतो. त्यात आपली सगळी नावं नोंदवता येतात आणि दोन्ही नावांचे पेपर एका जागी आणता येतात. स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीवर एकाच व्यक्तीची दोन खाती जोडून द्या अशी विनंती करता येते. गूगल स्कॉलरवर तर आपले जुने पेपर आपणच जोडायचे असतात. एका दुपारचं काम आहे. ज्या मुली आज पीएच.डी. करत आहेत त्यांनी पहिला पेपर पाठवण्याआधीच हा क्रमांक घ्यावा आणि पेपरवर कोणतं नाव कायम ठेवायचं ते ठरवून टाकावं. घरात, बँकेत, रेशनकार्डावर काहीही असो, पेपरवर एकच नाव.

सात झाले म्हणून एकतीसपुढे काय, असं तुम्ही म्हणाल. त्या तुलनेकडे जरा नीट बघू. एच-इंडेक्स कधी खाली येत नाही. तो वर्षांबरोबर आणि हातांबरोबर वाढतो. मोठ्या कर्करोग संस्थेत एकेका पेपरवर तीस-चाळीस नावं असतात आणि त्या पेपरला मिळालेलं प्रत्येक सायटेशन चाळीसही जणांच्या खात्यात पूर्णच्या पूर्ण जमा होतं. तुमच्या मैत्रिणीने कष्ट केले नाहीत असं मी मुळीच म्हणत नाही. पण ती दिवसभर प्रयोगशाळेत असते, आणि तुम्ही आठवड्याला सोळा तास वर्गात उभ्या राहून, प्रॅक्टिकल घेऊन, पेपर तपासून उरलेल्या वेळात पिपेट हातात धरता. या दोन आकड्यांची वजाबाकी केली तर उत्तर येईल, पण ते तुमच्या बुद्धीविषयी काहीच सांगणार नाही.

मी जीवरसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. एम.एस्सी.च्या मुलांकडून दरवर्षी दोन प्रयोग करून घ्यायचे. प्रथिनं मोजायची लाउरी पद्धत आणि फॉस्फरस मोजायची फिस्के-सुब्बाराव पद्धत. दोन्हींत शेवटी परीक्षानळीत निळा रंग येतो. लाउरी आणि सहकाऱ्यांचा तो पेपर १९५१ चा. विज्ञानाच्या इतिहासात सर्वांत जास्त सायटेशन मिळालेला पेपर म्हणून तो ओळखला जातो, आकडा तीन लाखांच्या वर आहे. त्याने कुठला रोग बरा केला नाही, निसर्गाचं कुठलं कोडं उलगडलं नाही. प्रत्येक प्रयोगशाळेला प्रथिनं मोजावी लागतात, म्हणून प्रत्येकाने त्याचा संदर्भ दिला. सायटेशन काय मोजतं ते इथे स्वच्छ कळतं. आपण लिहिलेलं दुसऱ्या कुणाला पेपर लिहिताना किती वेळा लागलं, एवढंच ते मोजतं.

दुसऱ्या पद्धतीतले यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातल्या भीमवरमचे. फॉस्फरसचा पेपर १९२५ चा, तोही हजारो वेळा साइट झाला. तरी हार्वर्डमध्ये त्यांना कायमची जागा मिळाली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले. तिथे त्यांच्या गटाने बनवलेलं अमिनोप्टेरिन बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिलं, आणि काही मुलांचा आजार काही काळ तरी मागे हटला. तो अहवाल १९४८ चा. त्याच वर्षी सुब्बाराव वारले. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट आजही रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना दिलं जातं. ते देताना सुब्बारावांचं नाव कुणी लिहीत नाही आणि कुठल्या खात्यात काही जमा होत नाही. कामाला किंमत होती का, असं तुम्ही विचारता तेव्हा मला ही परीक्षानळी आणि ते औषध, दोन्ही आठवतात.

आता जरा टोचेल असं लिहिते, आणि ते मायेनेच लिहिते आहे. तुमचे पीएच.डी.चे पेपर आणि नंतरचे नऊ यांत फरक आहे, आणि तो फक्त आडनावाचा नाही. नंतरच्या नऊपैकी चार पेपर एकाच नमुन्यांच्या संचावरचे आहेत. एकात एक जनुक, दुसऱ्यात दुसरं. प्रत्येकात वीस-बावीस बायका. ते पाठीला पाठ लावून वर्षाअखेरीस छापले गेले. असं का होतं ते मला माहीत आहे. वार्षिक अहवालात पेपरांची संख्या भरावी लागते. पण असा तुकडा तुकडा करून छापलेला निष्कर्ष दूरच्या संशोधकाला उचलता येत नाही. चारही एकत्र करून, वयोगट, तंबाखूचा प्रकार, किती वर्षं मिश्री लावली, हे सगळं एका तक्त्यात मांडून एकच पेपर लिहिला असता तर त्याला आकडा किती मिळाला असता कोण जाणे, पण तो कुणाच्या तरी उपयोगाचा नक्की झाला असता. हे अजूनही करता येईल. तुमच्याकडे अकरा वर्षांचे नमुने आहेत. ते मैत्रिणीकडे नाहीत आणि हैदराबादलाही नाहीत.

तुमच्या पत्रात एक वाक्य तीनदा आलं आहे, वेगवेगळ्या शब्दांत: "सोलापुरात राहून काय होणार?" यावर मला थोडं थांबायचं आहे.

बार्शी आपल्याच जिल्ह्यातली. भगवंताची बार्शी, तूरडाळीची बार्शी म्हणून आपण तिला ओळखतो. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने, टाटा मेमोरियल आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) यांच्या मदतीने, १९८७ मध्ये ग्रामीण भारतातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं. शहरात रुग्णालयातले कागद चाळले की नोंदणी होते. इथे माणसं रुग्णालयात येतच नव्हती. तेव्हा नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव गेले, कोणती लक्षणं दिसली तर दाखवायला यायचं ते लोकांना सांगत राहिले, संशयित रुग्णांना तपासणीला आणत राहिले. काही वर्षांत गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यावर सापडण्याचं प्रमाण वाढलं.

पुढे १९९९ पासून शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठी चाचणी झाली. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. एका गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात नेहमीची व्यवस्था. एचपीव्हीची चाचणी आयुष्यात एकदाच केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू चौथ्या गटाच्या मानाने जवळपास निम्मे झाले. २००९ मध्ये हे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणी मिळाली नाही याबद्दल पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले. ते आक्षेप रास्त आहेत आणि प्रत्येक विद्यार्थ्याने वाचायला हवेत. पण २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिली तपासणी एचपीव्ही डीएनएचीच करावी असं सांगितलं, त्या शिफारशीच्या मागच्या पुराव्यांत आपल्या शेजारच्या गावांतल्या बायका आहेत. आणि डीएनए शोधणारी चाचणी म्हणजे तुमचंच शास्त्र, नाही का?

सोलापुरात बसून सगळं साधेल, असं यावरून म्हणू नका. त्या कामामागे मुंबई होती, फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था होती, पैसा होता आणि वीस-बावीस वर्षांची पायपीट होती. मला एवढंच दिसतं की तिथल्या लोकांनी जो प्रश्न घेतला, तो त्यांच्या दारातला होता. मुंबईतले पॅथॉलॉजिस्ट वसंत खानोलकर यांनीही १९४० च्या दशकात तेच केलं. कंबरेला सतत घट्ट बांधलेल्या धोतराच्या जागी होणाऱ्या कर्करोगावर त्यांनी लिहिलं. तुमच्या दारात मिश्री आहे, विडीच्या तंबाखूची धूळ आहे, दुपारभर मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका आहेत. हा प्रश्न बोस्टनमधल्या कुणाला सुचणार नाही.

ग्रुपबद्दल. तुम्ही लिहिलंय, "सगळेच करतात, आणि यात कुणाचं नुकसान नाही." आपल्याच आधीच्या कामावर पुढचं काम उभं असेल तर स्वतःचा पेपर साइट करण्यात काही गैर नाही. पण न वाचलेला, न लागणारा पेपर दुसऱ्याच्या आकड्यासाठी यादीत घुसवणं ही खोटी साक्ष आहे. पकडलं जाणं अवघडही राहिलेलं नाही. कोण कुणाला साइट करतं याची जाळी संगणक सहज काढून दाखवतो. क्लॅरिव्हेट या कंपनीने खूप सायटेशन मिळालेल्या संशोधकांच्या २०२३ च्या 'हायली साइटेड' यादीतून हजारावर नावं संशयास्पद प्रकारांमुळे गाळली. त्याच वर्षी हिंदावी या प्रकाशनाने आठ हजारांवर पेपर मागे घेतले. आज ग्रुपमध्ये जाऊन चाराचे दहा झाले, तरी पुढची दहा वर्षं त्या ग्रुपमधल्या कुणाचा पेपर मागे घेतला जातोय याची धास्ती तुमच्या उशाशी राहील.

नुकसान कुणाचं, तेही सांगते. २०१२ मध्ये ॲमजेन कंपनीच्या माजी संशोधनप्रमुखांनी लिहिलं की कर्करोगावरच्या ५३ महत्त्वाच्या मानलेल्या पेपरांचे प्रयोग त्यांच्या गटाने पुन्हा करून पाहिले, तेव्हा फक्त सहांचे निष्कर्ष टिकले. त्या ५३ मध्ये खूप साइट झालेले पेपरही होते. त्यांच्यावर विसंबून इतरांनी वर्षं घालवली, रुग्णांचे नमुने खर्च केले. आपल्या क्षेत्रात वाटेवरच्या खोट्या पाटीमुळे शेवटी एखादा रुग्ण चुकीच्या वळणावर जातो. त्या ग्रुपच्या ॲडमिनला साधं लिहा: "माझ्या विषयाशी जुळणारा पेपर असेल तर पाठवा, वाचून उपयोगी वाटला तर घेईन." पुढे बोलावणं येणार नाही.

हैदराबादचा विचार मात्र मी एका झटक्यात बाजूला सारणार नाही. तिथलं जनुकांच्या माहितीचं संगणकावरचं विश्लेषण तुम्हाला खरंच आवडतं, असं पत्रात दोनदा दिसतं. ते आवडतं म्हणून जायचं असेल तर घरात मोकळेपणी बोला. तीन वर्षं म्हणजे मुलीची सातवी ते दहावी, हे खरं. पण बाबा कारखान्यामुळे इथे असतील आणि आई कामासाठी हैदराबादला, तर त्यात जगावेगळं काही नाही, रेल्वे आहे. आकडा वाढवण्यासाठी जायचं असेल तर नका जाऊ. तीन वर्षांनी आकडा वाढलेला असेल आणि अकरा वर्षांची ओळख तुटलेली असेल. मधला एक मार्ग मला दिसतो. त्या प्रयोगशाळेला उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे येऊ का, असं विचारा. विश्लेषण शिकून या. 'कॅन्सर जीनोम ॲटलस' या अमेरिकन प्रकल्पातली ३३ प्रकारच्या कर्करोगांची, अकरा हजारांवर रुग्णांची माहिती जगाला मोफत खुली आहे. तिच्यात डोकं-मानेच्या कर्करोगाचे पाचशेवर रुग्ण आहेत. ते बहुतेक तिकडचेच आहेत, मिश्री लावणारी बाई त्यांत कुठून असणार? तुमचे नमुने त्या माहितीशेजारी ठेवून जे दिसेल ते नवं असेल. २०१३ मध्ये पश्चिम बंगालमधल्या कल्याणी गावची जनुकशास्त्राची राष्ट्रीय संस्था आणि टाटा मेमोरियलचं खारघरचं संशोधन केंद्र ॲक्ट्रेक यांच्या पुढाकाराने आपल्याकडच्या गालाच्या-हिरडीच्या कर्करोगातल्या जनुकबदलांचं काम छापून आलं. तो पेपर तुमच्या टेबलावर असायलाच हवा.

इथल्या सिव्हिलच्या पॅथॉलॉजी विभागाशी बोला. जुन्या गाठींचे मेणात बसवलेले तुकडे, म्हणजे पॅराफिनचे ब्लॉक, जपून ठेवलेले असतात. एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्या, तोंडी शब्दावर एकही ब्लॉक हलवू नका. पेपर छापायला भरमसाट फी मागणाऱ्या जर्नलकडे पाठवण्यापूर्वी तो बायोआर्काइव्ह किंवा मेडआर्काइव्ह या मोफत संकेतस्थळावर ठेवा, म्हणजे वर्गणी नसलेल्या महाविद्यालयातल्या माणसालाही तो वाचता येईल. कमी खर्चात, साध्या शीतपेटीत लाळेचा नमुना कसा टिकवता, ती तुमची कृती वेगळी लिहून काढा. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या कितीतरी महाविद्यालयांना तीच हवी असेल. लाउरींचं उदाहरण उगीच दिलं नव्हतं.

मुलाखत पुन्हा होईल. तेव्हा जोडलेल्या पानाबरोबर एक छापील कागद न्या. तीन कामं निवडा. प्रत्येकाखाली प्रश्न काय होता, मी स्वतः काय केलं आणि ते कुणी वापरलं, हे चार-चार ओळींत. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने हेच म्हटलं होतं, की जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या पेपरांना मिळणाऱ्या सरासरी सायटेशनवरून, माणसाचं काम मोजू नका, काम वाचा. जगातल्या अनेक संस्थांनी त्यावर सही केली आहे. समितीसमोर तो जाहीरनामा वाचून दाखवायची गरज नाही. तुमचा कागद समोर असला की निदान एक तरी सदस्य आकड्याऐवजी त्या ओळी वाचेल. कुणी पुन्हा एच-इंडेक्स विचारला तर न लाजता सांगा, सात. पदोन्नती तरीही नाकारली जाऊ शकते. तसं झालं तर लेखी कारण मागा.

संशोधन सोडून फक्त शिकवण्याबद्दल मी काही लिहिलं नाही, कारण पत्रातली ती ओळ थकव्याने लिहिल्यासारखी वाटली. पुढच्या वर्षीही तसंच वाटलं तर पुन्हा लिहा, तेव्हा त्यावर नीट बोलू.

पत्राच्या शेवटी, सहीच्या खाली, तुम्ही जाता जाता एक गोष्ट लिहिली आहे. कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या एक बाई तुम्हाला मंगळवार बाजारात भेटल्या. त्यांनी सहा वर्षांपूर्वी लाळेचा नमुना दिला होता. त्यांनी विचारलं, "मॅडम, त्याचं पुढं काय झालं?" आणि तुम्हाला उत्तर सुचलं नाही. त्या नमुन्यावर तुमचे दोन पेपर आहेत, त्यांपैकी एकाला अकरा सायटेशन आहेत, आणि त्या बाईंना अजून काहीही कळलेलं नाही. माझं ऐकाल तर ऑर्किडच्याही आधी हे काम करा. एका पानावर साध्या भाषेत लिहा, आम्ही काय शोधलं, काय सापडलं, काय सापडलं नाही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तोंड उघडायला त्रास व्हायला लागला तर कुठे दाखवायचं, तेही लिहा. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तेलुगू. विड्या जमा करायच्या वेळी कारखान्यासमोर सगळ्या जमतात, ती वेळ साधा. आणि जाताना तेलुगू बोलणारी एखादी विद्यार्थिनी बरोबर न्या.